चूक कबूल कशी करायची: आपला वाटा नेमका किती, तो सांगायचा कसा, आणि पुढे काय

सॉरी म्हणायला काय लागतं, असं आपण दुसऱ्याच्या बाबतीत अगदी सहज म्हणतो. स्वतःवर वेळ आली की मात्र तोंडातून भलतंच काहीतरी निघतं. ‘अरे माझा तसा उद्देश नव्हता’, ‘तूही नीट सांगितलं नाहीस ना’, नाहीतर एकदम ‘बरं बाबा, चुकलं माझं, झालं समाधान?’ दिसायला या तिन्ही कबुल्या आहेत पण तिन्हीमध्ये काय चुकलं हे कुठेच नाही.

मला यात एक गोष्ट सारखी दिसते. लोक चूक कबूल करतात ती एकतर कमी करतात नाहीतर जास्त. कमी म्हणजे काखा वर करणं, परिस्थितीवर खापर फोडणं. आणि जास्त म्हणजे ‘माझंच सगळं चुकतं, मी आहेच तसा’ असं म्हणून डोकं धरून बसणं. हे दुसरं वरवर फार प्रामाणिक वाटतं, पण त्यातही सोय तीच आहे, आपण नेमकं काय केलं ते बघायची वेळ येत नाही. सुधारणा मात्र फक्त त्या नेमक्या गोष्टीतूनच होते, त्यामुळे हा सगळा लेख आपला वाटा बरोब्बर तेवढाच, ना कमी ना जास्त, कसा उचलायचा याबद्दल आहे.

आधी हे समजून घ्या की जीव का कासावीस होतो

1957 साली लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉग्निटिव्ह डिसोनन्सची कल्पना मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर ‘मी चांगला, समजदार माणूस आहे’ आणि ‘मी हे असं वागलो’ या दोन गोष्टी डोक्यात एकत्र नांदत नाहीत, त्यांचं भांडण सुरू होतं आणि ते मिटवल्याशिवाय चैन पडत नाही. मिटवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे घटनेची गोष्टच थोडी बदलून टाकायची. आपण मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, आपल्याला खरंच तसं आठवायला लागतं.

1990 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर अभ्यास केला होता. लोकांना दोन गोष्टी लिहायला सांगितल्या, एक म्हणजे तुम्हाला कोणी दुखावलं त्याची आणि दुसरी तुम्ही कोणाला दुखावलं त्याची. म्हणजे लिहिणारे तेच लोक. तरी दुखावणाऱ्याच्या भूमिकेतून लिहिताना ते म्हणत होते की तसं वागण्यामागे कारण होतं आणि तो विषय तिथेच संपला, आणि दुखावलेल्याच्या भूमिकेतून लिहिताना तेच लोक म्हणत होते की काही कारण नसताना झालं आणि अजूनही त्रास होतो. त्यामुळे ‘एवढं काय त्यात, संपलं ना ते’ असं मनात आलं की समजायचं की आपण सध्या दुखावणाऱ्याच्या खुर्चीत बसलोय.

अजून एक, जे लोक सहसा सांगत नाहीत. माफी न मागितल्याने खरोखर बरं वाटतं. 2013 मध्ये टायलर ओकिमोटो आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात हेच दिसलं की माफी नाकारणाऱ्याला आपल्या हातात सत्ता आहे असं वाटतं, स्वतःबद्दलचं मतही सुधारतं. म्हणून ‘नाही बोललो सॉरी, आणि किती हलकं वाटतंय’ यावर फार विश्वास ठेवू नका, ते वाटणारच आहे.

पायरी 1: पहिल्या तासात स्पष्टीकरण द्यायचं नाही

नुकसान अजून चालू असेल, म्हणजे चुकीची फाइल गेलीये आणि समोरचा त्यावर काम करतोय, किंवा कोणाला चुकीच्या वेळी बोलावलंय आणि ते घरून निघणार आहेत, तर लगेच फोन करा आणि फक्त माहिती द्या. ‘मी चुकीची फाइल पाठवली, ती वापरू नका, बरोबर वाली दहा मिनिटांत पाठवतो.’ बास. का झालं, कसं झालं, ते नंतर.

बाकी वेळी थांबा. गरम डोक्याने टाइप केलेला लांबलचक मेसेज नव्वद टक्के वेळा सारवासारव असतो (हा आकडा माझा अंदाज आहे, पण तुमचे जुने मेसेज उघडून बघा). टाइप करावंसं वाटलंच तर स्वतःलाच पाठवा आणि सकाळी वाचा.

पायरी 2: कागदावर उतरवा, पण कॅमेऱ्यासारखं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक हाच गाळतात. कागद घ्यायचा आणि जे कॅमेऱ्यात दिसलं असतं किंवा ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. ‘मी बेजबाबदार वागलो’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘मला वाटलं की ती करेल’ हेही दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. बहीण-भाऊ आहेत. आईच्या तपासणीची अपॉइंटमेंट घ्यायची होती, धाकटा भाऊ म्हणाला मी घेतो, तू टेन्शन घेऊ नकोस. घेतली नाही. ताई रजा टाकून आईला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेली तर तिथे नावच नाही. तिने फोन केला तेव्हा हा म्हणाला, ‘त्यांच्याकडेच काहीतरी घोळ झाला असेल, ही हॉस्पिटलवाली मंडळी अशीच असतात.’

आता त्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘विसरलो यार, कामाचा लोड होता.’ पण कागदावर हे असं उतरतं:

सोमवारी ताईला फोनवर म्हणालो, अपॉइंटमेंट मी घेतो. घेतली नाही. गुरुवारी तिने विचारलं, झालं का? मी म्हणालो, हो हो, झालंय. तेव्हा झालेलं नव्हतं. रात्री घेऊ असं ठरवलं, घेतली नाही. पुढच्या बुधवारी ती आईला घेऊन गेली. फोन आल्यावर मी हॉस्पिटलचं नाव पुढे केलं.

वाचल्यावर काय दिसतं बघा. विसरणं सोमवारचं आहे आणि विसरायला कोणीही विसरतो. खरी चूक गुरुवारची आहे. त्या ‘हो हो, झालंय’ ने ताईचा मार्गच बंद केला, नाहीतर तिने स्वतः पाच मिनिटांत घेतली असती. आणि बुधवारचं हॉस्पिटलवर ढकलणं ही त्याच्यावरची दुसरी. ‘विसरलो’ म्हणून माफी मागितली असती तर या दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या असत्या आणि ताईच्या मनातही काहीतरी खटकत राहिलं असतं, फक्त काय ते तिला सांगता आलं नसतं.

तर या कागदावर तुम्हाला शोधायचंय ते हे: अशी कोणती जागा होती जिथे मला दोन रस्ते दिसत होते आणि मी सोयीचा घेतला? बहुतेक चुकांमध्ये अशी एक जागा सापडते. मोठी नसते ती, कधी एक वाक्य असतं, कधी न उचललेला फोन.

पायरी 3: वाटा मोजा

आता दोघांचं चुकलेलं असेल तर? जवळजवळ नेहमी तसंच असतं. समोरच्याचाही काहीतरी हातभार असतो. ठीक आहे, तोही लिहा, पण वेगळ्या कागदावर, आणि तो कागद आज वापरायचा नाही. आज आपल्या कागदावरचं बोलायचं. तीस टक्के माझं असेल तर ते तीस टक्के पूर्ण माझं, त्यात समोरच्याच्या सत्तर टक्क्यांनी सूट मिळत नाही.

वाटा बरोबर उचललाय का हे तपासायचं असेल तर वाक्याचा कर्ता बघा. ‘निरोप राहून गेला’ यात निरोप स्वतःच कुठेतरी राहिला. ‘गैरसमज झाला’ यात तर माणूसच नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या जूनमध्ये, मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरणार होतं, त्या मोहिमेच्या आदल्या दिवशी तिचा सेनापती जनरल आयझेनहॉवरने, मोहीम फसलीच तर जाहीर करायला म्हणून, एक छोटी चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. घाईत त्याने तारखेत जूनऐवजी जुलै लिहिलाय. आधी त्याने लिहिलं होतं की सैन्य मागे घेण्यात आलं आहे, मग ते खोडलं आणि लिहिलं की मी सैन्य मागे घेतलं आहे. आणि शेवटी, या प्रयत्नात काही दोष असेल तर तो माझ्या एकट्याचा. मोहीम यशस्वी झाली, चिठ्ठी लागलीच नाही. पण ती खाडाखोड बघण्यासारखी आहे, म्हणजे एवढ्या माणसालाही पहिल्या फटक्यात ‘मी’ लिहिता आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. तुमचंही पहिलं वाक्य तसंच येईल, येऊ द्या, मग खोडा.

जास्तीचा वाटा घेणाऱ्यांनाही हाच नियम. ‘मी एक वाईट मुलगी आहे’ या वाक्यात कर्ता आहे पण क्रियापद काहीच करत नाही. काय केलं ते लिहा. ‘मी आईचा फोन तीनदा कट केला.’ हां, हे सुधारता येतं.

मोघम आणि नेमकं यातला फरक मोठ्या माणसांकडेही बघायला मिळतो. 1919 मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात हिंसा झाली तेव्हा गांधीजींनी नडियादच्या सभेत आपली चूक हिमालयाएवढी असल्याचं सांगितलं. लोकांच्या लक्षात राहिला तो हिमालय. पण त्यांनी पुढे चूक काय तेही सांगितलं होतं की कायदा मनापासून पाळायची सवय लागायच्या आधीच मी लोकांना कायदेभंग करायला सांगितलं. लोकांनी तेव्हा त्यांची बरीच थट्टा केली, हेही लक्षात ठेवा, कारण नेमकं कबूल केलं की लगेच टाळ्या पडतील असं काही नसतं.

पायरी 4: लाज आणि अपराधीपणा वेगळे करा

जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं यावर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की ‘मी वाईट वागलो’ ही भावना आणि ‘मीच वाईट आहे’ ही भावना, दोन्ही आतून सारख्याच टोचतात पण माणसाला उलट दिशांना नेतात. पहिलीत माणूस दुरुस्ती करायला जातो. दुसरीत लपतो, टाळतो आणि बऱ्याचदा समोरच्यावरच चिडतो. घरात ज्याची चूक असते तोच सगळ्यात जास्त आवाज चढवतो ना, ते यामुळेच.

स्वतःला फटके मारले की आपण सुधारतो असा एक मोठा समज आहे. 2012 मध्ये ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांनी विद्यार्थ्यांना एक अवघड परीक्षा दिली ज्यात ते आपटणारच होते, मग काहींना स्वतःशी जरा समजुतीने वागायला सांगितलं. पुढच्या परीक्षेसाठी याच मुलांनी जास्त वेळ अभ्यास केला. म्हणजे स्वतःला माफ केलं की माणूस ढिला पडतो ही भीती निदान तिथे तरी खरी ठरली नाही. करायचं काय तर तुमच्या जवळच्या मित्राने हीच चूक केली असती तर त्याला काय म्हणाला असता तेच स्वतःला म्हणा. आपण मित्राला ‘काही नाही रे, चालतं’ म्हणत नाही आणि ‘तू नालायक आहेस’ असंही म्हणत नाही. म्हणतो की चुकलास, आता जा आणि बोल तिच्याशी.

पायरी 5: प्रत्यक्ष बोलणं

समोरासमोर शक्य असेल तर समोरासमोर, नाहीतर फोन. मेसेज फक्त वेळ ठरवायला. ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे माफी मागितली की समोरच्यावर सगळ्यांदेखत ‘इट्स ओके’ म्हणायचं प्रेशर येतं. अपवाद एकच, अपमान ग्रुपवर केला असेल तर कबुलीही ग्रुपवर द्या, पण आधी त्या माणसाशी खाजगीत बोलून.

आपला धाकटा भाऊ साधारण असं बोलू शकतो:

‘ताई, दहा मिनिटं आहेत का तुला? अपॉइंटमेंटबद्दल बोलायचंय. ती मी घेतलीच नव्हती. गुरुवारी तू विचारलंस तेव्हा झालंय म्हणालो ते खोटं होतं, आणि बुधवारी हॉस्पिटलवर ढकललं तेही. तुझी रजा वाया गेली, आई तासभर बाकावर बसून राहिली. मला वाईट वाटतंय त्याचं. आता पुढच्या मंगळवारी सकाळची वेळ मिळालीये, त्यांचा मेसेज तुला फॉरवर्ड केलाय, आणि आईला मी नेणार आहे.’

एवढंच. यात कामाचा लोड नाही, ‘पण’ नाही, ‘तुला त्रास झाला असेल तर सॉरी’ मधला तो ‘असेल तर’ नाही. आणि ‘माफ कर ना प्लीज’ सुद्धा नाही, ते मुद्दाम. 2016 मध्ये रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 755 लोकांवर माफीचे सहा भाग तपासले होते: वाईट वाटल्याचं सांगणं, काय झालं ते समजावणं, जबाबदारी घेणं, पुन्हा होणार नाही असं सांगणं, भरपाई देऊ करणं आणि क्षमा मागणं. सगळ्यात वजनदार ठरली ती जबाबदारी घेणं, त्याखालोखाल भरपाई. आणि क्षमा मागणं तळाला, नाही मागितली तरी चालतं म्हणे. मला ते पटतं, कारण ‘माफ कर’ म्हटलं की काम समोरच्याकडे जातं, आता तिने काहीतरी द्यायचं, आणि तेही लगेच.

एक मेसेज फॉरवर्ड करणं ही छोटी गोष्ट वाटेल, पण ज्याने ‘झालंय’ म्हणून खोटं सांगितलं त्याच्या शब्दाला सध्या किंमत नाही, त्यामुळे पुरावा सोबत द्यायचा. भरपाई अशी, जी चूक झाली तिच्या मापाची हवी. पैसे वेळेवर परत केले नाहीत तर पैसे द्या आणि तारीख पाळा, फुलं नकोत. चारचौघांत टाकून बोललात तर त्याच चारचौघांत परत घ्या.

पायरी 6: आता गप्प बसा

ताई बहुतेक म्हणणार, ‘अपॉइंटमेंटचं काही नाही रे, तू खोटं का बोललास?’ आणि मग गेल्या दोन-तीन वर्षांतलं अजून काय काय निघेल, त्यातलं अर्धं तुम्हाला अतिरंजित वाटेल, एखादी गोष्ट साफ चुकीची पण असेल. इथे बरेच जण घसरतात. एवढी सुंदर कबुली दिली आणि ही बाई जुनं उकरून काढतेय, मग आपणही सुरू.

2005 मध्ये सिंथिया फ्रांट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या अभ्यासात असं दिसलं की लगेच मागितलेल्या माफीपेक्षा जरा उशिरा मागितलेली माफी जास्त लागू पडते, कारण मधल्या वेळात दुखावलेल्या माणसाला आपलं म्हणणं कोणीतरी ऐकून घेतलं, समजून घेतलं असं वाटतं. म्हणजे ऐकणं हा माफीचाच भाग आहे, माफीनंतरचा दंड नाही. चुकीची गोष्ट निघाली तरी तिथेच दुरुस्त करायला जाऊ नका, दोन दिवसांनी वेगळी काढा. आणि तिचं बोलून झालं की तिने काय सांगितलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून बघा. ‘म्हणजे तुला असं वाटतं की आईचं सगळं तुझ्या एकटीवर पडतं आणि मी नुसतं हो हो करतो.’ हे तोंडातून निघताना फार जड जातं. ती ‘हो, हेच’ म्हणाली की समजायचं पोचलं.

ती माफ करेलच असं नाही. आज नाही, कदाचित कधीच नाही. तो तिचा हक्क आहे, तुमची कबुली त्यावर अवलंबून ठेवू नका.

पायरी 7: पुन्हा होऊ नये म्हणून

‘यापुढे काळजी घेईन’ याला काही अर्थ नाही. कानाला खडा लावला असं सगळेच म्हणतात. टोयोटाच्या कारखान्यातून जगभर गेलेली ‘पाच वेळा का’ विचारायची पद्धत इथे कामाला येते, फक्त एक सांभाळा, प्रत्येक उत्तर आपल्या हातातलं हवं.

गुरुवारी ‘झालंय’ का म्हणालो? नाही म्हणायची लाज वाटली. का? ताई आधीच म्हणते की मी काही करत नाही. मग सोमवारी काम का घेतलं? तेच खोटं पाडायला, पटकन हो म्हणालो. हो म्हणताना कधी करणार ते ठरवलं होतं का? नाही. इथे थांबा. ‘ताई अशी का बोलते’ ही पुढची पायरी तिच्या हातातली आहे, त्या गल्लीत शिरलात की पुन्हा खापर सुरू.

मग ‘असं झालं तर असं करेन’ या साच्यात एक-दोन वाक्यं लिहा. पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये यावर मांडणी केली होती की नुसत्या इराद्यापेक्षा प्रसंग आणि कृती जोडून ठेवलेला प्लॅन जास्त वेळा पार पडतो. इथे तो असा होईल: कोणी ‘झालं का’ विचारलं आणि झालेलं नसेल तर माझ्या तोंडातून पहिला शब्द ‘नाही’ निघेल, कारण त्यानंतर. आणि दुसरं, फोनवर काम घेतलं तर फोन ठेवायच्या आधी मोबाइलमध्ये रिमाइंडर टाकेन. दोनच. पाच नियम केलेत की आठवड्यात सगळे विसराल.

नोंद ठेवा, पण तिचं दुखणं करू नका

1976 पासून अमेरिकेत नासा एक यंत्रणा चालवते, एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम. वैमानिक, विमानांची ये-जा सांभाळणारे कंट्रोलर वगैरे मंडळी आपली चूक स्वतःहून लिहून पाठवतात, नाव गुप्त राहतं. चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल तर सहसा दंडातूनही सूट मिळते. आणि हे सगळं नासाकडे, दंड करणाऱ्या खात्याकडे नाही, यातच गंमत आहे. चूक ऐकणारा आणि शिक्षा देणारा एकच असला की कोणी खरं सांगत नाही.

स्वतःच्या बाबतीतही तेच करा. एक साधी वही किंवा फोनमधली नोट, त्यात तारीख, काय केलं, सोयीचा रस्ता कुठे घेतला, एवढ्या तीनच ओळी. लिहिताना निकाल द्यायचा नाही. महिन्यातून एकदा सलग वाचायचं. तेव्हा लक्षात येतं की वेगवेगळ्या वाटणाऱ्या पाच चुका म्हणजे एकच चूक आहे, म्हणजे आपल्या भावाच्या वहीत ऑफिसमधलं ‘रिपोर्ट जवळजवळ झालाय सर’ सुद्धा सापडेल आणि मित्राला सांगितलेलं ‘निघालोच आहे’ पण. रोज वाचत बसू नका, ते उगाळणं होतं.

काही वेगळे प्रसंग

ऑफिस: बॉसला कळायच्या आधी तुम्ही सांगा, आणि सांगताना क्रम असा ठेवा: काय झालं, किती नुकसान, आत्तापर्यंत काय केलं, तुमच्याकडून काय हवंय. भावना सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. आणि त्यात तुमच्या हाताखालच्या माणसाची चूक असली तरी वरच्याला सांगताना त्याचं नाव पुढे करू नका, तुम्ही तपासलं नाही हे तुमचं.

लहान मुलं: इथे बरेच आईबाबा सॉरी म्हणतात पण शेवटी शेपूट लावतात, ‘सॉरी, पण तू मस्ती केलीस म्हणून ओरडलो’. मुलाला त्यातलं ‘तू मस्ती केलीस’ तेवढंच ऐकू येतं. खाली बसून, त्याच्या उंचीला येऊन, ‘मी मगाशी फार जोरात ओरडलो, तू घाबरलास. तसं ओरडायला नको होतं मी.’ मस्तीचा विषय काढायचाच असेल तर संध्याकाळी वेगळा. आणि त्याने लगेच मिठी मारावी अशी अपेक्षा नको, तो खेळायला निघून गेला तरी ठीक आहे.

कायद्याचं प्रकरण: अपघात, पैशांचा घोटाळा, कोणाला इजा, अशा ठिकाणी आधी मदत, मग वकिलाचा सल्ला, मग बोलणं. हे टाळणं नाही, तिथे शब्दांचे परिणाम वेगळे असतात. फक्त खोटं बोलू नका आणि पुरावा लपवू नका.

खूप जुनी चूक: स्वतःला विचारा की हे सांगितल्याने ज्या व्यक्तीला दुखावलं तिचं काही बरं होणार आहे की फक्त माझं ओझं उतरणार आहे? तिने संपर्क तोडला असेल तर दार ठोठावत बसणं ही नवीन चूक होते. अशा वेळी पत्र लिहा आणि पाठवू नका, भरपाई दुसरीकडे करा, म्हणजे ज्या सवयीने तिला त्रास झाला ती सवय आता ज्यांच्याबरोबर राहताय त्यांच्याशी तरी मोडा.

आणि काही लोक तुमची कबुली हत्यार म्हणून वापरतात, दर भांडणात तीच काढतात. एकदा पूर्ण कबूल केलं, भरपाई केली, वागणं बदललं, तर पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, ‘ते माझं चुकलं होतं आणि ते मी मानलंय, आत्ताचा विषय वेगळा आहे.’ रोज नव्याने माफी मागायची गरज नाही. जिथे मारहाण, धमकी, सतत अपमान आहे तिथे तर ‘माझीच चूक असेल’ हा विचारच धोक्याचा आहे, तिथे हा लेख बाजूला ठेवून मदत घ्या.

तुमच्याकडे कोणी कबूल करायला आलं तर

हे लोक विसरतात. एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम्सचा अभ्यास केला, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये जास्त. नंतर उलगडा झाला की त्या टीम जास्त चुकत असतील असं नाही, त्या टीम आपल्या चुका उघडपणे बोलत होत्या, बाकीच्या टीम लपवत होत्या. तर तुमच्या घरात, टीममध्ये कोणीच कधी चूक कबूल करत नसेल तर खुश होण्याआधी जरा विचार करा.

कोणी आलं तर पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हे असू द्या, मनात कितीही संताप असला तरी, आणि मग खरंच विचारा की आता काय करायचं. राग आलाय तर तेही सांगा, ‘मला राग आलाय, उद्या बोलू’ असं म्हणायला काहीच हरकत नाही. फक्त ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य गिळा. ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी ‘हो हो, झालंय’ म्हणतो.